चार तोळे ससा

आश्रुबाला ससा आवडायचा, यात विशेष काही नव्हतं. पालमच्या आसपास ज्याच्या तोंडात दात आहेत अशा प्रत्येक गड्याला ससा आवडतो. आश्रुबाचं वेगळेपण एवढंच, की अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचे गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, बिघडले. तेही धुळवड होऊन पंधरा दिवसांनी बिघडले. म्हणजे त्या सालचा वाटा त्याला मिळाला होता, खाऊन झाला होता आणि जिरलाही होता. याबद्दल तो मारुतीचे आभार मानत असे.

धुळवडीला गावात शिकारीची रीत होती. आठ-दहा गडी, चार कुत्री आणि काठ्या घेऊन सकाळीच रान उठवायचं. हरणाला हात लावायचा नाही असा सरकारी कायदा नुकताच झाला होता आणि गावाने तो काटेकोर पाळला होता, कारण बहात्तरच्या दुष्काळानंतर त्या शिवारात हरीण कुणाला दिसलंच नव्हतं. ससे मात्र दुष्काळालाही पुरून उरले होते.

शिकार झाली की जितके गडी तितके वाटे पळसाच्या पानांवर मांडायचे. मग एकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका वाट्याला काठी लावून विचारायचं, ‘‘ह्यो कुणाचा?’’ पाठमोऱ्याने, मागे न बघता, एकेक नाव घ्यायचं. एकदा नाव पडलं की वाटा फिरत नसे. मांडी आली तरी त्याची आणि नुसत्या बरगड्या आल्या तरी त्याच्याच. पाठमोरं उभं राहायचा मान एकवीस वर्षं आश्रुबाकडे होता, आणि एकवीस वर्षांत त्याने एकदाही मान वळवली नव्हती. बाजार समितीत सुद्धा एवढा सरळ कारभार चालत नसेल.

या रीतीची एक बाजू अशी होती, की ज्याचं नाव पडलं नाही तो शिकारीतून गेला. सटवाजी असाच गेला. एका वर्षी गुडघे दुखतात म्हणून तो घरी बसला. दुसऱ्या वर्षी त्याला हाक मारायला कुणी गेलं नाही. तिसऱ्या वर्षी तो खरंच वारला, आणि मयतीला जमलेल्यांत दोघांना वाटत होतं की हा आधीच वारलाय. यात गावाला काही वावगं वाटलं नाही. आश्रुबाला मात्र ते फार लागलं होतं.

चैत्रात त्याचे पाय सुजले. बोटाने दाबलं की खड्डा पडे आणि तो खड्डा भाकरी भाजून होईपर्यंत तसाच राही. मनकर्णाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दोन दिवस तो खड्डा पाहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याला एस.टी.त घालून परभणीला नेलं. डॉक्टरने लघवी तपासली, रक्त तपासलं आणि सांगितलं, ‘‘गुर्दे कमजोर झालेत. मीठ बंद. पाणी दिवसाला दोन तांबे, मोजून. डाळ थोडी. मटण बंद.’’

‘‘किती दिस?’’ आश्रुबाने विचारलं.

‘‘जगायचंय तितके दिवस,’’ डॉक्टर म्हणाला.

मनकर्णाला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे तिने सगळं लक्षात ठेवलं. त्याच संध्याकाळी घरातली मिठाची बरणी दिसेनाशी झाली. आश्रुबाने पहिले काही दिवस आळणी वरण-भाकरी मुकाट्याने गिळली आणि मग शोध सुरू केला. ती पाण्याला गेली की तो कणगीत हात घाली. उतरंडीतली मडकी उतरवून पुन्हा लावी. माळ्यावर चढे. एकदा तर त्याने सरकीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. खडा सापडला नाही. बाईने कुठे दडवलं असेल ते असेल, पण दडवावं तर असं, या बाबतीत त्याला बायकोचं मनातून कौतुकच वाटलं. पारावर मात्र तो सांगे, ‘‘रुख्माची माय मला कडबा खाऊ घालायलीय. आन् सोता आत बसून काय खाती, कुणाला ठावं?’’ रुख्मिणी म्हणजे त्यांची मानवतला दिलेली लेक. तिची माय आत बसून काय खाते हे आश्रुबाला खरोखरच ठाऊक नव्हतं. गडी जेवून उठल्यावर बाईमाणसाने चुलीपाशी जेवायचं, आणि तोवर आश्रुबा पारावर पोचलेला असे.

आषाढात दत्तरावने ससा आणून दिला. दत्तराव त्याचा जुना सोबती. वाट्यांना काठी लावायची ती दत्तरावनेच. मनकर्णाने उंबऱ्यातच वाट अडवली.

‘‘डाक्टरनं मटन बंद केलंय.’’

‘‘मटन म्हंजी बकऱ्याचं,’’ आश्रुबा आतून म्हणाला. ‘‘ह्यो ससा हाय.’’

‘‘शिजल्यावर काय फरक पडतो?’’

‘‘मग डाक्टरनं सशाचं नाव कामून न्हाई घेतलं? लघवीचं इचारलं, झोपंचं इचारलं, सशाचं इचारलं का?’’

मनकर्णा न्यायाची बाई होती. सशाचं विचारलं नव्हतं हे तिने कबूल केलं. मग डॉक्टरला विचारून यायचं ठरलं. तोवर हा ससा कुसुमबाई शेजारणीच्या घरी गेला, आणि एवढा एक प्रश्न विचारायला आश्रुबा दोन एस.टी. बदलून, सुजल्या पायांनी, एकटा परभणीला गेला.

डॉक्टरने प्रश्न ऐकून चष्मा काढला. ‘‘रानातलं जनावर पळतं. त्याला चरबी कमी असते. त्या हिशेबाने बकऱ्यापेक्षा बरं. पण गुर्द्याला बकरा काय आणि ससा काय, मांस ते मांस. फारच जीव जात असेल तर आठवड्यातून एकदा. पन्नास ग्रॅम.’’

‘‘तोळ्यात सांगा सायेब.’’

‘‘चार तोळे धरा. बारीक तुकडे करायचे, भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं.’’

‘‘कोणतं पाणी?’’

‘‘ज्यात उकळलं ते.’’

‘‘रस्सा?’’

‘‘तुम्ही त्याला काहीही म्हणा. मांसातलं जे तुम्हाला बाधतं ते त्या पाण्यात उतरतं. ते फेकायचं, आणि नुसते तुकडे खायचे. बिनमिठाचे.’’

आश्रुबा परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसला आणि विचारात पडला. रस्सा फेकलेला त्याने उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता. त्यात पाल पडली होती, आणि तेव्हाही दोघाजणांचं मत वरचा वर काढून घ्यावा असं होतं. सशातला जीव रश्श्यात उतरतो हे लहान पोरही सांगेल. चार तोळे म्हणजे चार घास. रस्सा फेकल्यावर मागे राहायचा तो नुसता चोथा. गंगाखेड येईपर्यंत त्याचं असं मत झालं, की डॉक्टर चांगला आहे पण ब्राह्मण आहे, त्याला रश्श्याची माहिती नाही.

घरी आल्यावर त्याने मनकर्णाला सांगितलं, ‘‘ससा चालतो. चार तोळे. आठवड्याला एकदा. मीठ न्हाई.’’

‘‘आन् रस्सा?’’

‘‘रश्श्याचं...’’ आश्रुबाने पायातली वहाण काढली. सूज असल्याने ती काढायला वेळ लागला. ‘‘रश्श्याचं काई नेम न्हाई सांगितला.’’

हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पण एरवीही तो बोलताना तिच्याकडे पाहत नसे, त्यामुळे तिला संशय आला नाही.

चार तोळे म्हणजे किती हा प्रश्न मनकर्णाने आपल्या परीने सोडवला. पंडित सोनाराकडे ती तराजू मागायला गेली, तर सोन्याच्या पारड्यात मांस घालायचं म्हटल्यावर पंडित दुकानातून उठूनच आत गेला. मग तिने काठीला दोन नारळाच्या करवंट्या सुतळीने बांधल्या. एका करवंटीत हातातलं चांदीचं कडं ठेवलं. ते लग्नातलं, चार तोळ्यांचं, याची खात्री तिच्या बापाने दहा लोकांसमोर करून दिली होती. दुसऱ्या करवंटीत शिजलेल्या सशाचे तुकडे. काठी सरळ झाली की बस. एखादा तुकडा जड झाला तर ती तो विळीवर कापून अर्धा परत काढी. उरलेला ससा कुसुमबाईकडे जाई. रस्सा मात्र सगळा आश्रुबाचा. तो पाण्यात मोजायचा नाही, कारण तो पाणी नव्हता. मांसातही मोजायचा नाही, कारण करवंटीत राहत नव्हता. मीठ नाही म्हणून ती त्यात लसूण दुप्पट घाली, तीळ भाजून वाटे, काळा मसाला सढळ हाताने टाके, आणि नवरा वाटीमागून वाटी ओरपताना दाराआडून ऐकत राही. इतक्या महिन्यांत त्या घरात समाधानाचा तेवढाच आवाज होता.

पावसाळाभर दत्तरावने कधी ससा, कधी तितर, कधी दोन-चार लाव्हे आणून दिले. पथ्य कडक चाललं होतं. आणि आश्रुबाची सूज घोट्यावरून पिंढरीवर, पिंढरीवरून गुडघ्यावर चढत होती.

मनकर्णा घाबरली. चूक आपलीच कुठेतरी होते आहे असं तिने धरलं. तिने दोन तांब्यांचा दीड तांब्या केला. डाळ बंद केली. कडं चार तोळ्यांहून जड तर नसेल, या शंकेने पंडितकडून नुसतं कडं तोलून आणलं. ते चार तोळ्यांना गुंजभर कमीच भरलं. तिने सोमवार धरला, मग शनिवारही धरला. एके दिवशी आश्रुबाला ती चुलीसमोर रिकाम्या करवंट्या हातात घेऊन रडताना दिसली. तेव्हा त्याला सांगून टाकावंसं वाटलं. अगदी ओठावर आलं होतं. पण चुलीवर रस्सा उकळत होता, आणि तो बाहेर जाऊन बसला.

पौषात तिने त्याला पुन्हा परभणीला नेलं. या खेपेला ती बाकावर थांबली नाही, सरळ आत गेली. डॉक्टरने पाय दाबले आणि तो खेकसला, ‘‘काय खाता तुम्ही?’’

मनकर्णाने पदर सावरला आणि पाठ म्हणावा तसं सगळं सांगितलं. दीड तांब्या पाणी. डाळ बंद. आठवड्याला चार तोळे, कड्याच्या भाराचे, कमीच, जास्त नाही. ‘‘आन् रस्सा पोटभर देते साहेब. तेवढ्यानंच त्यायच्या आंगात जीव हाय.’’

डॉक्टरने हातातला पेन खाली ठेवला. मग तो आश्रुबाकडे वळला. ‘‘मी काय सांगितलं होतं?’’

आश्रुबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिला.

‘‘पाणी फेकून द्यायचं म्हणून सांगितलं होतं,’’ डॉक्टर मनकर्णाला म्हणाला. ‘‘दोनदा सांगितलं. यांनी ‘रस्सा?’ असं विचारलंही होतं. सहा महिने विष पाजलंत तुम्ही यांना. आणि मीठ? खरं सांगा. लपून देत असाल.’’

‘‘घरात मीठच न्हाई,’’ मनकर्णा म्हणाली. ‘‘पयल्याच दिशी कुसुमबाईला बरणी देऊन टाकली. चैत्रापसून खडा न्हाई घरात.’’

‘‘मग तुम्ही काय खाता?’’

‘‘ह्येच. ह्यायचं जे आसल ते. एका चुलीवर दोन कालवणं कशाला? वास आला तं ह्यायचं मन जाईल.’’

आश्रुबाने कॅलेंडरवरची नजर काढली आणि बायकोकडे पाहिलं. कणगी, उतरंड, माळा, सरकीचं पोतं. दहा महिने. त्या दवाखान्यात त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

परतताना ती एक अक्षर बोलली नाही. घरीही नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती चार तोळे तोलायची, उकळायची, आणि रस्सा त्याच्यासमोर दारातल्या लिंबाच्या बुडाशी ओतायची. भांडं शेवटच्या थेंबापर्यंत उपडं धरायची. मग ताटात चोथा वाढून आत जायची. आश्रुबा तो चोथा पूर्ण खाई. फाल्गुनापर्यंत सूज पिंढरीखाली उतरली, पण पायांत ताकद राहिली नाही. चावडीपर्यंत जाऊन येताना तो दोनदा बसू लागला.

होळीच्या आदल्या दिवशी दत्तराव आला. थोडा वेळ कापसावर बोलला, थोडा वेळ कुत्र्यांवर. मग म्हणाला, ‘‘अवंदा सिताराम हुभा राहातो म्हनतोय पाठमोरा.’’

आश्रुबाला कळलं. सटवाजीचं जाणंही असंच पायांपासून सुरू झालं होतं.

‘‘मी पळन्यात नसंन,’’ तो म्हणाला. ‘‘पाठ फिरवायला पाय लागत न्हाईत. वाटे माह्या दारात मांडा.’’

दत्तराव एकवीस वर्षांचा सोबती होता. त्याने मान हलवली. ‘‘पर त्यो वाटा तू खानार कसा?’’

‘‘खायचं माहं मी बगीन. नाव पडाय पायजे.’’

मनकर्णा आत जात्यावर होती. जातं थांबलं नाही.

धुळवडीला दुपारी गडी आले. पाच ससे, नऊ गडी. आश्रुबा धरून दहा. लिंबाच्या सावलीत दहा पळसाची पानं मांडली. मनकर्णा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. अंगणात बायकांनी यायची रीत नव्हती, पण अंगण तिचं होतं, त्यामुळे तिला कुणी काही म्हटलं नाही. आश्रुबा काठीच्या आधाराने उठला, भिंतीकडे तोंड केलं.

‘‘ह्यो कुणाचा?’’ दत्तरावने काठी लावली.

‘‘सितारामचा.’’

‘‘ह्यो कुणाचा?’’

‘‘दत्तरावचा.’’

आश्रुबाचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. भिंतीकडे बघत तो एकेक नाव घेत होता आणि प्रत्येक नावामागे पायातली कळ दाबत होता. आठ झाली. नऊ झाली. गड्यांनी आपापली पानं उचलून घेतली. एक पान राहिलं. त्यावर मागच्या मांडीचा आख्खा फरा होता, असा वाटा दोन-तीन वर्षांतून एखाद्याला येतो. ते आश्रुबाला दिसत नव्हतं, पण बाकी सगळ्यांना दिसत होतं.

‘‘आन् ह्यो कुणाचा?’’ दत्तरावने विचारलं. हा शेवटचा प्रश्न नुसता रिवाजाचा असतो. पाठमोरा ‘माझा’ म्हणतो आणि वळतो.

आश्रुबा वळला नाही. भिंतीच्या पोपड्यांकडे पाहत उभा राहिला. दत्तरावला वाटलं, याला भोवळ आली.

‘‘मनकर्णाचा,’’ आश्रुबा म्हणाला.

पानं उचलून निघालेले गडी थांबले.

‘‘कोण मनकर्णा?’’ सितारामने विचारलं. तो थट्टा करत नव्हता. चाळीस वर्षांत ते नाव आश्रुबाच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

‘‘माही बायको.’’

‘‘आरं, बाईमानसाचा वाटा नसतो.’’

‘‘नाव पडलं,’’ आश्रुबा भिंतीला म्हणाला. ‘‘पडलेला वाटा फिरत न्हाई.’’

‘‘आन् मग तुहं नाव?’’ दत्तरावचा आवाज खाली आला. ‘‘दहाच वाटे हाईत, आश्रुबा. तुहं नाव न्हाई पडलं.’’

‘‘न्हाई पडलं.’’

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या रीतीत याला तोड नव्हती. शेवटी दत्तरावने पान उचललं, चौकटीपाशी नेलं, आणि तिच्या हातात द्यावं की उंबऱ्यावर ठेवावं हे न सुचून काही वेळ तसाच उभा राहिला. मनकर्णाने दोन्ही हात पुढे केले.

गडी गेल्यावर तिने चूल पेटवली. आश्रुबा भिंतीशी बसून होता. सवयीने तिने काठी आणि करवंट्या खाली काढल्या, हातातलं कडं उतरवलं.

‘‘तुमचे चार तोळे काडून ठिवते,’’ ती म्हणाली. पौषानंतर तिचा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला.

‘‘तुहा वाटा हाय. मला नगं. आन् पाणी फेकू नगंस. रस्सा कर. मीठ घाल.’’

‘‘घरात न्हाई.’’

‘‘मी आणतो.’’

कुसुमबाईच्या दारापर्यंत तो एकदा बसून गेला आणि एकदा बसून आला. मूठ त्याने उघडली तेव्हा तळहातावर चार खडे होते. मनकर्णाने त्यातला एक घेतला, अर्धा मोडला आणि अर्धा रश्श्यात टाकला.

ताट वाढल्यावर ती त्याच्या उठण्याची वाट पाहत राहिली. तो उठला नाही. मग ती त्याच्यासमोरच जेवायला बसली. भाकरी कुस्करली, त्यावर रस्सा घेतला, पहिला घास तोंडात घातला आणि थांबली.

‘‘कसा झालाय?’’ आश्रुबाने विचारलं.

‘‘खारट,’’ ती म्हणाली. ‘‘लय खारट झालाय. जीभ पोळायलीय.’’

अर्धा खडा. आश्रुबाने मनात चैत्रापासूनचे तिचे बिनमिठाचे महिने मोजले. तिने डोळे पुसले, मग नाक पुसलं आणि दुसरा घास घेतला. ती सगळं जेवली. तो समोर बसून होता. त्याला भूक लागली होती, पण त्याने ती सांगितली नाही.